कटरची ताकद वाढवताना

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर लेख लिहावा याचे काही मित्रांना नवल वाटेल. पण आमच्या घरात पुस्तकांच्या आधी यंत्र आले. आजोबा दोघांनी ओढायची करवत ओढत, बाबा पेट्रोलचा कटर चालवतात. शहरात यालाच चेनसॉ म्हणतात. त्याच्याच कमाईतून माझी फी भरली जाते, तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा माझा अधिकार वाचकांनी मान्य करावा.

मोठे यंत्र परवडत नाही, म्हणून आहे त्याच यंत्रातून जास्त ताकद कशी काढावी हा प्रश्न प्रत्येक कटरवाल्याच्या मनात असतो. अगोदर इंजिन समजून घेऊ. ते टू-स्ट्रोक असते. ब्लॉकच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना तोच त्या उघडतो आणि झाकतो. इंजिनाला ऑइल निराळे मिळत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळतात, साधारण पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे.

जास्त ताकद म्हणजे दर फेरीला जास्त हवा आत आणि जळका धूर झटपट बाहेर. कारखान्यातून येणाऱ्या सायलेन्सरचे तोंड आवाजाच्या व धुराच्या नियमांसाठी लहान ठेवलेले असते. म्हणून पहिला हात तिथेच पडतो. भोक मोठे केले की इंजिन मोकळा श्वास घेते, हे खरे. पण हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण जास्त तापते, आणि ऑइल पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे वंगणही कमी पडते. आमच्या वाडीतील एकाने तालुक्याच्या गॅरेजात सायलेन्सर मोठा करून आणला. कार्बोरेटरला कोणी हातच लावला नाही. दोन दिवस यंत्र वाऱ्यासारखे चालले, तिसऱ्या दिवशी पिस्टन जाम झाला. ऐन हंगामात त्या घराची मजुरी बंद पडली, आणि पिस्टन-ब्लॉकचा खर्च वेगळाच.

म्हणून स्क्रू कसा लावतात ते सांगतो. कार्बोरेटरवर ‘एच’ आणि ‘एल’ असे दोन स्क्रू असतात. ‘एच’ पूर्ण वेगासाठी असतो. तो उजवीकडे फिरवला की पेट्रोल कमी, डावीकडे फिरवला की जास्त. आधी एअर फिल्टर साफ करावा, इंजिन गरम करावे, मग कटर हवेत धरून क्षणभर पूर्ण रेस द्यावी. आवाज थोडा घोगरा, अडखळल्यासारखा यायला हवा आणि लाकडात घातल्यावर लगेच स्वच्छ व्हायला हवा. हवेतच शिट्टीसारखा सरळ आवाज आला, तर पेट्रोल कमी आहे असे समजावे. ज्या नव्या यंत्रांत वेगाला विजेचा लगाम आहे, तिथे हा कान फसतो. लगाम लागला तरी आवाज तसाच अडखळतो. तिथे वेगमापक लागतो. आणि ज्यांचा कार्बोरेटर स्वतःच मिश्रण ठरवतो, त्यांना स्क्रूच नसतात.

दुसरा उपाय ब्लॉकखालचे पॅकिंग काढण्याचा. त्याने दाब वाढतो. पण पिस्टन आणि डोके यांत साधारण अर्धा मिलिमीटर तरी फट उरली पाहिजे. कथिलाची तार प्लगच्या भोकातून आत घालून इंजिन हाताने फिरवायचे, आणि चेपलेली तार मोजायची. ब्लॉक खाली बसल्यामुळे धुराचा पोर्ट उशिरा उघडतो, म्हणून जाणते लोक तो घासून वर नेतात. वर नेला की ताकद वरच्या वेगाला सरकते आणि खालचा जोर जातो. रुंद फार केला तर रिंग त्याच्या कडेत अडकून मोडते. माझ्या मते हे काम मोजमापाशिवाय करू नये.

या विद्येचा खरा गुरू मोटारसायकलीच्या जगात होऊन गेला. पूर्व जर्मनीत एम.झेड. कारखान्यातील वाल्टर काडेन याने सायलेन्सरच्या आकारातूनच ताकद काढली. नळीतून परत फिरणारी धुराची लाट बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. १९६१ साली त्याच्या १२५ सी.सी. इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती गाठली. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीतून पळून सुझुकीला मिळाला आणि विद्याही जपानला गेली. १९६२ साली सुझुकीने ५० सी.सी.चे जागतिक अजिंक्यपद जिंकले. अमेरिकेतील लाकूडतोडीच्या स्पर्धांत अशाच लांब नळीचे कटर दिसतात, पण ते काही सेकंदांच्या कापणीसाठी. दिवसभर उतारावर उभे राहून ऐन-किंजळ कापणाऱ्या माणसाला ती नळी कशी झेपणार?

एवढे करूनही चेन बोथट असेल तर सारे फुकट. हे चेनचे दाते ओरेगनच्या जोसेफ कॉक्स याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून बसवले, आणि १९४७ साली ते विकायला सुरुवात केली. दात्याला साधारण ३० अंशांत गोल कानस मारायची, आणि समोरचा उंचवटा दात्यापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली ठेवायचा. तो जास्त खाली घासला तर कटर उसळून अंगावर येतो. भुशाकडे पाहावे. खपल्या उडत असतील तर धार आहे, पीठ पडत असेल तर कानस काढावी. बाबा पेट्रोल भरायला थांबले की कानस मारूनच उठतात. सायलेन्सर मात्र त्यांनी अजून तसाच ठेवला आहे. आवाज आधीच शंभर डेसिबलच्या वर असतो आणि आता घरात त्यांना दोनदा हाक मारावी लागते.