खांदेरी : समुद्राने वेढलेली टेकडी

पुण्याजवळच्या पुनावळ्यात नव्या इमारतीचा पाया खणताना काळा कातळ लागतो. अलिबागजवळच्या थळ गावासमोर, समुद्रात उभं असलेलं खांदेरी बेट त्याच जातीच्या दगडाचं, म्हणजे बेसॉल्टचं आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचले. पुण्याच्या बाजूला ते जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या पट्ट्यापासून मात्र ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलतात.

साधारण 20 हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. जगभरातल्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. मुंबईसमोरचा उथळ सागरतळ उघडा पडलेला होता आणि खांदेरी ही किनाऱ्यापासून बरीच आत असलेली एक टेकडी होती. बर्फ वितळलं, पाणी चढलं, टेकडीचं बेट झालं.

   

खांदेरीचं खरं महत्त्व कळतं ते तिच्या आकारावरून. दक्षिणेला सुमारे 30 मीटरचा उंचवटा, उत्तरेला 20 मीटरचा, आणि मधल्या सखल भागात होड्या लावायला जागा. माथ्यावरून मुंबई बंदराच्या तोंडावर नजर राहते. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी यांच्याकडून इथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईतले इंग्रज लगेच अस्वस्थ झाले ते याचमुळे. त्यांनी जहाजांचा वेढा घातला. पण बेट आणि किनारा यांच्यामधलं पाणी उथळ. मोठी जहाजं तिथे शिरू शकत नव्हती, वारा पडला की जागीच अडकत. मराठ्यांची छोटी गलबतं रात्रीची रसद पोचवत राहिली.   1680 च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली.

बेटावर गाव कधी वसलं नाही. खडकात पावसाचं पाणी साठवणारी टाकी आहेत, कोळ्यांचं श्रद्धास्थान असलेलं वेताळाचं मंदिर आहे आणि 1867 पासून दीपगृह आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत खांदेरीचाही समावेश आहे.