गाडी पास झाली का?
मोटारीच्या तपासणीविषयी घरोघर विचारले जाणारे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे

घरात वडीलधारे माणूस असले, की त्याच्या रक्तदाबाची आणि साखरेची चौकशी दर महिन्याला होते. दारातली गाडी मात्र बारा-तेरा वर्षांची झाली, तरी तिच्याविषयी प्रश्न एकच विचारला जातो : “ॲव्हरेज काय देते?” तिचे ब्रेक लागतात का, तिचे टायर गुळगुळीत झाले आहेत का, रात्री तिच्या मागचा लाल दिवा पेटतो का, हे प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाहीत. ते येतात ते एकदम पंधराव्या वर्षी, आर. सी. बुकावरची तारीख संपत आली म्हणजे. मग धावपळ सुरू होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले घेतले जातात आणि ‘पासिंग’ या शब्दाची घरभर दहशत बसते.

ही दहशत बहुतांशी अज्ञानातून येते. म्हणून नेहमीचे प्रश्न घेऊन त्यांची सरळ उत्तरे येथे दिली आहेत.

आमची गाडी खासगी आहे. तिचे दरवर्षी पासिंग करावे लागते काय?

नाही. दर एक-दोन वर्षांनी पासिंग लागते ते भाड्याने चालणाऱ्या वाहनांना : टॅक्सी, रिक्षा, ट्रक, बस यांना. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५६ वे कलम त्यासाठी आहे. नव्या वाहनाला पहिली दोन वर्षे सूट. पुढे वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी, असा नियम २०१८ च्या दुरुस्तीने झाला.

घरच्या मोटारीची आणि स्कूटरची गोष्ट वेगळी. त्यांची नोंदणीच पंधरा वर्षांची असते. ती मुदत संपल्यावर गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे पहिली पंधरा वर्षे तुमच्या गाडीचे ब्रेक कोणीही सरकारी माणूस तपासणार नाही. ही सवलत आहे खरी. पण सवलतीबरोबर जबाबदारीही आपल्याच गळ्यात पडते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आम्ही पी. यू. सी. वेळेवर काढतो. ते पुरेसे नाही का?

पी. यू. सी. हे धुराचे प्रशस्तिपत्र आहे, ब्रेकचे नव्हे. पेट्रोलच्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन किती आहे, डिझेलच्या गाडीचा धूर किती काळा आहे, एवढेच तेथे पाहतात. टायरची तार बाहेर आलेली असली, तरी पी. यू. सी. मिळू शकते.

तरीही ते काढायलाच हवे. गाडी एक वर्षाची झाली की ते लागते. भारत स्टेज चार आणि सहा या दर्जाच्या गाड्यांना त्याची मुदत एक वर्षाची असते, त्याहून जुन्या गाड्यांना सहा महिन्यांची. पी. यू. सी. काढायला जाताना एक युक्ती ध्यानात ठेवा. गाडी थंड इंजिनाने नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटे चालवून मग न्या. हवेचा फिल्टर धुळीने भरला असेल, तर तो आधी बदला. निम्म्या नापास गाड्या या दोन गोष्टींनीच सुधारतात, असा मेकॅनिक मंडळींचा दाखला आहे.

पंधरा वर्षे भरत आली. आता काय करावे?

मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. त्यासाठी पंचवीस नंबरचा फॉर्म असतो. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तो भरून पैसे भरावेत आणि तपासणीचा दिवस घ्यावा. बरोबर आर. सी., चालू विमा, चालू पी. यू. सी. आणि ओळखीचा व पत्त्याचा पुरावा ठेवावा. चासी नंबरचा पेन्सिलने घासून कागदावर घेतलेला छापही लागतो. हे काम कोणताही गॅरेजवाला दोन मिनिटांत करून देतो. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे, तो भरावा लागतो. रस्त्यावरच्या दंडाची चलने थकली असतील, तर तीही आधीच चुकती केलेली बरी. गाडी कर्जावर घेतली होती आणि कर्ज फिटले आहे, पण आर. सी. वर बँकेचे नाव तसेच आहे, अशी घरे पुष्कळ आहेत. ते नाव कमी करून घेण्याचे कामही याच सुमारास उरकावे.

खर्चाचे म्हणाल, तर १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली आणि मोटारसायकलची ३०० वरून १,००० रुपये. उशीर झाला, तर मोटारीला दरमहा ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये जादा, असाही नियम त्याच वेळी आला. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी हे दर आणखी वाढवून मोटारीला १०,००० आणि मोटारसायकलला २,००० रुपये करण्यात आले. दर असे बदलत असतात. तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावरचा आकडा तेवढा खरा धरावा.

मुदत संपली आणि गाडी तशीच चालवली, तर कायद्याच्या दृष्टीने ती बिननोंदणीची ठरते. त्यात अपघात झाला, तर विमा कंपनी हरकत घेणार हे उघड आहे. पाच हजार वाचवायला जाऊन पाच लाखांचे झेंगट मागे लावून घेण्यासारखे ते आहे.

साहेब नेमके काय पाहतात?

मोटार वाहन निरीक्षक प्रथम गाडी तीच आहे ना, हे पाहतात : चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर नवी सुरक्षित नंबर प्लेट बसवली नसेल, तर ती आधी बसवून घ्या. त्यानंतर दिवे, डिपर, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, स्टिअरिंग, ब्रेक, टायर आणि सायलेन्सर यांची पाळी येते.

टायरच्या नक्षीची खोली मोटारीला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर असावी लागते. मोजपट्टीची गरज नाही. नक्षीच्या खाचेत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, की त्याचे आयुष्य संपले. काचांचाही नियम आहे : पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. उन्हासाठी लावलेली काळी फिल्म त्यामुळे अडचणीत आणते.

ब्रेकची परीक्षा गाडी चालवूनच होऊ शकते. या परीक्षेला आर. टी. ओ. कार्यालयाकडे २५० मीटर लांबीचा मार्ग असलाच पाहिजे, असा आग्रह मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेत धरला होता. आता मोठ्या शहरांत यंत्रावर तपासणी करणारी केंद्रे सुरू झाली आहेत. त्यांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये निघाले. तेथे चाके रुळांवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात. एका बाजूचा ब्रेक कमी धरत असेल, तर यंत्र ते लगेच सांगते. आपल्याला ते कळते पावसात गाडी एका अंगाला ओढली गेल्यावर.

नापास झाली तर?

तर दोष दुरुस्त करून पुन्हा न्यावी. शाळेतल्या नापासासारखे वर्ष फुकट जात नाही. म्हणूनच नेण्यापूर्वी आठवडाभर आधी ओळखीच्या गॅरेजमध्ये एकदा दाखवून घ्यावी. तेथे निघणारे दोष बहुधा किरकोळ असतात : जळालेला बल्ब, फाटलेले वायपरचे रबर, सैल हॉर्न.

गाडी न नेताच पासिंग करून देतो, असे कोणी म्हणाले तर?

तर त्याला नमस्कार करून घरी यावे. फॉर्म भरून देणारा एजंट निराळा आणि गाडी न पाहता कागद आणून देणारा निराळा. असा कागद पोलिसाला दाखवता येईल. पण खंडाळ्याच्या उतारावर ब्रेकचे पेडल तळाला गेले, तर तो कागद कोणाला दाखवायचा? तपासणी ही आर. टी. ओ. वर उपकार म्हणून करायची नसते. गाडीत मागच्या सीटवर आपलीच माणसे बसलेली असतात.

पंधरा वर्षांनी गाडी भंगारात घालावीच लागते, हे खरे का?

ही समजूत दिल्लीहून आली. दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशात हवेच्या प्रदूषणामुळे दहा वर्षांच्या डिझेल व पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी निर्बंध आले. तो नियम महाराष्ट्राचा नव्हे. येथे खासगी गाडी तपासणीत उतरली, तर तिची नोंदणी वाढते.

मात्र दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाऊ लागला, तर मोह आवरावा. गाडी नोंदलेल्या भंगार केंद्रातच द्यावी आणि तिथला दाखला घ्यावा. २०२१ च्या धोरणानुसार त्या दाखल्यावर नव्या गाडीच्या करात सवलत देण्याची तरतूद आहे. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला गाडी विकली आणि तिची नोंद आपल्याच नावावर राहिली, तर पुढे तिच्या करणीचे धनी आपण होतो.

मुलांच्या शाळेच्या बसचे काय?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आणि तो सर्वांत कमी विचारला जातो. शाळेची बस हे भाड्याचे वाहन. तिला पासिंग सक्तीचे आहे आणि पासिंग नसेल, तर कायदा तिची नोंदणीच वैध मानत नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बसचे स्वतंत्र नियम आहेत. पिवळा रंग, संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवण्याचे साधन, मुलांची चढउतार पाहणारा मदतनीस या गोष्टी त्यांत येतात आणि शाळेत परिवहन समितीही असावी लागते.

पालकांना हे घरबसल्या पाहता येते. सरकारच्या ‘एम-परिवहन’ ॲपमध्ये बसचा नंबर घातला, की तिच्या पासिंगची, विम्याची आणि पी. यू. सी. ची तारीख समोर येते. पाच मिनिटांचे काम आहे. पांढऱ्या नंबर प्लेटच्या व्हॅनमध्ये मुले कोंबून नेली जात असतील, तर ते वाहन खासगी म्हणून नोंदलेले असते, हे ओळखावे. पंधरा वर्षांपर्यंत त्याचे ब्रेक कोणी तपासले नसण्याचा संभव आहे. महिन्याला दोन-तीनशे रुपये वाचतात. पण ती बचत कोणाच्या जिवावर होते, याचा विचार आई-वडिलांनी करावा.

परदेशांत कसे असते?

इंग्लंडात सप्टेंबर १९६० मध्ये वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी खासगी मोटारींची तपासणी सुरू केली. आरंभी ती दहा वर्षांच्या वरच्या गाड्यांना होती. पहिल्या परीक्षेतच इतक्या गाड्या गळाल्या, की लवकरच ही वयोमर्यादा सात वर्षांवर आली आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर. आजही तेथे तीन वर्षांच्या गाडीला दरवर्षी तपासणी चुकत नाही. लोक तिला ‘एम. ओ. टी.’ म्हणतात, ज्या मंत्रालयाची ती आद्याक्षरे, ते नाव १९७० मध्ये गेले, तपासणीचे नाव मात्र राहिले. जर्मनीत आणि जपानमध्ये नवी गाडी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी दाखवावी लागते. लंडनला किंवा म्युनिकला असलेला मुलगा गाडीच्या तपासणीची तारीख पंचांगासारखी पाठ ठेवतो, त्याचे कारण हे.

मग आम्ही काय करावे?

घरची गाडी घरीच पास करावी. दसऱ्याला आपण गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालतो. तोच दिवस वर्षाच्या तपासणीचा धरला, तर तारीख विसरण्याचा प्रश्न नाही. दसरा हुकला असेल, तर भाऊबिजेला गावी निघण्यापूर्वीचा दिवस आहेच.

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिवे सारखे पडतात का, पाहा. घरातल्या कोणालातरी मागे उभे करून ब्रेकचे दिवे तपासा. इंजिन चालू ठेवून ब्रेकचे पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल, तर गळती आहे, गाडी तशीच गॅरेजला न्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि घाटात तापून दगा देते. दर दोन वर्षांनी ते बदला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३२१८ असेल, तर तो २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत असूनही टायर म्हातारा असू शकतो. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहेत का, तेही पाहा. आणि हे सर्व एकट्या कर्त्या पुरुषाने करू नये; घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुलीला आणि सुनेलाही, ते यायला हवे.

या साऱ्याला एक तास पुरतो आणि खर्च झालाच, तर एखाद्या बल्बचा. यंदाच्या सुटीत कोकणात उतराल किंवा देवदर्शनाला निघाल, तेव्हा फराळाचे डबे डिकीत ठेवण्याआधी तो तास काढावा. सर्व मंडळी सुखरूप घरी परतली, की गाडी खऱ्या अर्थाने पास झाली.