चेन सॉ विकत घेण्यापूर्वी

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या पावसाबरोबर वादळी वारे सुटले, की छत्रपती संभाजीनगरात झाडे उन्मळून पडण्यास प्रारंभ होतो. त्यात गुलमोहोराचा वाटा मोठा. त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. रस्त्यावर आडवे झालेले झाड अग्निशमन दल आणि महापालिकेचा उद्यान विभाग हटवितात. सोसायटीच्या आवारात किंवा शहराबाहेरच्या शेतघरात पडलेल्या बुंध्याची विल्हेवाट मात्र बहुधा मालकालाच लावावी लागते. पूर्वी या कामासाठी कुऱ्हाड आणि दोघांनी ओढावयाची करवत घेऊन मजूर येत. आता त्यांच्या हाती पेट्रोलवर चालणारी चेन सॉ असते. लाकडाच्या वखारींत तिने केव्हाच बस्तान बसविले असून, शेतघर किंवा मोठे आवार असलेले नागरिकही ती स्वतः विकत घेऊ लागले आहेत.

हे यंत्र पाच-सहा हजार रुपयांपासून मिळते. नामांकित जर्मन अथवा स्वीडिश कंपनीच्या यंत्राला त्याच्या तिप्पट-चौपट रक्कम मोजावी लागते. दोन्ही यंत्रे दुकानात शेजारी शेजारी ठेवली, तर स्वस्त यंत्राचे इंजिन अधिक ‘सीसी’चे आणि पट्टीही अधिक लांब असल्याचे आढळते. ग्राहक फसतो तो येथेच. जळाऊ लाकडाचे फूटभर जाडीचे ओंडके कापण्यास ३५ ते ४५ सीसीचे इंजिन आणि १४ ते १६ इंचांची पट्टी पुरेशी होते. बाभूळ किंवा चिंचेसारख्या कठीण लाकडाचे जाड बुंधे नेहमीच कापावयाचे असतील, तर ५० सीसीच्या आसपासचे यंत्र आणि १८ इंची पट्टी योग्य. पट्टी बुंध्याच्या जाडीपेक्षा दोन इंच लांब असली म्हणजे झाले. लहान इंजिनाला लांब पट्टी जोडली, की साखळी लाकडात अडकते, इंजिन तापते आणि चालविणारा नको तितका जोर लावू लागतो.

या जोर लावण्यातच अपघाताचे मूळ आहे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर यंत्र क्षणार्धात उसळी घेऊन चालविणाऱ्याच्या चेहऱ्याकडे किंवा खांद्याकडे येते. त्या क्षणी त्याला वाचविणारी गोष्ट म्हणजे पुढच्या मुठीसमोरचा पंजा. हात त्यावर आदळताच, किंवा उसळीच्या धक्क्यानेच, साखळीचा ब्रेक लागतो. म्हणूनच विकत घेण्यापूर्वी यंत्र दुकानातच सुरू करून दाखविण्याचा आग्रह धरावा. वेग दिलेला असताना पंजा पुढे ढकलला, की साखळी तत्काळ थांबली पाहिजे. वेग सोडल्यावर इंजिन मंद चालत असताना ती जागची हलता कामा नये. मागच्या मुठीवरची सुरक्षा कळ दाबल्याखेरीज वेगाचा खटका दाबला जाऊ नये. तुटलेली साखळी मागे भिरकावली गेली, तर तिला अडविणारी खुंटी पट्टीच्या बुडाशी आहे ना, हेही पाहावे. या चारांपैकी एकही गोष्ट कमी असेल, तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. साखळी, पट्टी, दातेरी चक्र, दोरी, हवेची जाळी हे भाग झिजणारच. पट्टीवर साखळीचे माप, खाचेची जाडी आणि कड्यांची संख्या असे तीन आकडे कोरलेले असतात. त्या मापाची साखळी याच शहरात मिळते का, हे विक्रेत्याला आधी विचारावे. साखळी पुण्याहून मागवावी लागणार असेल, तर हंगामात यंत्र आठवडाभर कोपऱ्यात पडून राहील.

आजच्या साखळीच्या दात्याचा आकारही मोठा रंजक आहे. लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे पाहून जोसेफ कॉक्स या अमेरिकी लाकूडतोड्याने १९४७ मध्ये तो घडविला. असा दाता लाकूड खरवडत नाही, छिलतो. त्यामुळे धारदार साखळीतून ढलप्या उडतात. त्यांच्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की गोल कानस हाती घेण्याची वेळ झाली असे समजावे. शहरातल्या झाडांना पाट्या लावण्यासाठी खिळे ठोकण्याची सवय येथे फार आहे; एका खिळ्याने साखळीचे दाते निकामी होतात. बुंधा आधी डोळ्यांनी तपासलेला बरा.

इंधनाबाबतही दक्षता हवी. दोन स्ट्रोकच्या या इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. चांगल्या तेलाचे प्रमाण सामान्यतः लिटरमागे २० मिलिलिटर असते. साध्या तेलाचे याच्या दुप्पट. पंपांवरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते आणि रबरी नळ्यांनाही अपाय करू शकते. यंत्राला किती इथेनॉल चालते, हे माहितीपुस्तिकेत पाहावे आणि काम संपताच टाकी रिकामी करावी. साखळीच्या वंगणासाठी गॅरेजमधले जळके ऑइल वापरण्याची प्रथा स्वस्तातली असली, तरी त्यातील धातूचे कण पट्टी झिजवितात.

यंत्र हाती आले म्हणून आवारातले झाड तोडण्याचा अधिकार मिळत नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरी हद्दीत वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक आहे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचविणे, हेदेखील त्या कायद्याच्या लेखी तोडणेच होय. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. वाळलेल्या, रोगट किंवा वादळाने पडलेल्या झाडांसाठी परवानगीचा मार्ग खुला आहे. तेव्हा अर्ज आधी, यंत्र नंतर.

पडलेले झाड उभ्या झाडाहून अधिक फसवे असते. वाकून दबलेली फांदी कापताच ती धनुष्यासारखी सुटते. मुळांसह उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला, की मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यात कोसळू शकतो. त्याच्यामागे कोणी उभे असल्यास दुर्घटना अटळ. फांद्यांत विजेची तार गुंतली असेल, तर महावितरणने प्रवाह बंद करीपर्यंत झाडाजवळ जाऊ नये.

वर्षातून दोनदाच काम पडणाऱ्याने यंत्र घेण्याऐवजी दिवसाच्या बोलीने यंत्रासह कारागीर बोलवावा, हे श्रेयस्कर. बोलीचा आकडा ठरविण्याआधी त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांवर आवरण आणि पायांत जाड बूट आहेत का, हे पाहावे, आणि साखळीचा ब्रेक त्यालाही लावून दाखवावयास सांगावे.