'रिसीव्ह्ड' की 'अ‍ॅक्सेप्टेड'?

कामावर मेमो हाती पडला की आपला माणूस घाबरतो आणि घाईत सही करतो. माझ्या ओळखीच्या एका कामगार बंधूने प्रतीवर 'अ‍ॅक्सेप्टेड' लिहिले. त्याला म्हणायचे होते, कागद मिळाला. चौकशीत अर्थ लावला गेला, आरोप मान्य आहे!

'रिसीव्ह्ड' म्हणजे मिळाले. 'अ‍ॅक्सेप्टेड' म्हणजे स्वीकारले, मान्य केले. 'अ‍ॅडमिटेड' म्हणजे कबूल केले. प्रतीवर फक्त 'रिसीव्ह्ड' लिहावे. खाली सही, तारीख, वेळ. शब्दाची खात्री नसेल तर सरळ मराठीत लिहावे : 'प्रत मिळाली. खुलासा नंतर देतो.' आणि तो लेखी खुलासा मुदतीत द्यावाच. बंधू-भगिनींनो, सही आपली असते, म्हणून तिच्यावरचा शब्दही आपणच पारखून लिहावा.