घरच्या बॉयलरचीही तपासणी करा



दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन होते. त्याआधी ट्यूबा साफ होतात, धुराडे पाहिले जाते, बॉयलर निरीक्षक तपासणी करतात. मगच आग पेटते. पण घरचा जो बॉयलर बाराही महिने, दिवसातून दोनदा पेटतो, तो कोण तपासतो? आम्ही चुलीबद्दल बोलत आहोत.

उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅसची टाकी खेडोपाडी पोचली. तरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून पुष्कळ घरी चुलीवरच होते. पऱ्हाटी, तुराट्या घरच्या. टाकीला पैसे मोजावे लागतात. त्यात नवल नाही. मात्र कोंडलेला धूर डोळे आणि छाती पोखरतो, आणि तो आधी जातो घरच्या बाईच्या व तिच्या मांडीवरच्या लेकराच्या नाकातोंडात.

बिनधुराची चूल काही नवी नाही. आपल्या विदर्भातच, वर्ध्याच्या मगनवाडीत, स्वातंत्र्याच्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो बंद झाला, तोवर देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या होत्या. त्यातल्या कितीतरी लवकरच मोडीत निघाल्या. एक कारण अगदी साधे : पाईप काजळीने भरला, झाडला कोणी नाही, मग काय, धूर परत घरात! दोष चुलीपेक्षा निगराणीचा जास्त.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) चूल बाहेरच्या पक्क्या भिंतीलगत मांडा. कूड, पऱ्हाटीचा ढीग, दोरीवरचे कपडे तिच्यापासून लांब हवेत.

२) धुराचा पाईप सुमारे चार इंची व सरळ असावा. तो छपराच्या वर निदान दोन फूट न्यावा व त्यावर टोपी बसवावी. छपरातून जातो तिथे लाकूड किंवा गवत पाईपला टेकू देऊ नका. भोवती वीतभर जागा सोडून पत्रा लावा. जुना ॲस्बेस्टॉसचा पाईप करवतीने कापू नका, त्याची धूळ घातक असते.

३) सरपण वाळलेले, बारीक फोडलेले असावे आणि थोडे थोडे घालावे. पुढच्या तोंडावर आणि वैलावर, दोन्हीकडे भांडे ठेवा. एक तोंड उघडे राहिले की पाईपची ओढ तुटते. प्लॅस्टिक, टायर, रॉकेल चुलीत नको. पाचटही कोंबू नका. ते भपकन पेटते, ठिणग्या उडतात. ते सरीतच राहू द्या, जमिनीला खत होईल.

४) दर अमावस्येला, चूल थंड असताना, पाईप झाडा. साचलेली काजळी पेट घेते.

५) बंद न्हाणीघरात पेटता बंब आणि बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी कधीही ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

६) राखेत निखारा दडून राहतो. पाणी शिंपडल्याशिवाय राख उकिरड्यावर टाकू नका. उन्हाळी वाऱ्यात एक निखारा अख्खी गंजी खातो.

आता कायद्याचे. अडचण चूल मांडण्याची नाही, सरपणाची आहे. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग ही झाडे स्वतःच्या बांधावरची असली, तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांतून लाकूडफाटा आणणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरतो. आणि आपल्या आगीच्या हयगयीने शेजाऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

शेवटी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. धूर बाई गिळते, पण पाईप छपरावर असतो. तिथे चढायचे काम आपण पुरुषांनी ‘बायकांचे खाते’ म्हणून टाळले, म्हणून चुली मोडल्या. यंदा अग्निप्रदीपनाला यावे, अवश्य यावे. पण आदल्या दिवशी आपल्या घरचे धुराडे झाडून यावे, ही नम्र विनंती.