मातीची गाडी आपल्या मोंढ्यात

शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ हे संस्कृत नाटक आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत नावापुरतं ऐकलेलं असतं. गोविंद बल्लाळ देवलांनी १८८७ मध्ये ते संगीत नाटक म्हणून मराठीत आणलं. पुढं बालगंधर्वांनी त्यातली वसंतसेना गाजवली. काही वर्षांपूर्वी हिंगोलीत कॉलेजच्या मुलांना घेऊन मी हे नाटक बसवायला घेतलं. उज्जयिनीचे वाडे आणि भरजरी शेले आम्हाला परवडणारे नव्हते. म्हटलं, आपण उज्जयिनीला जाण्यापेक्षा उज्जयिनीलाच इकडं बोलावू. त्या खटाटोपात जे शिकलो, तेच आज सांगणार आहे.

जुनं नाटक नव्या जागी नेणं ही काही आजची टूम नाही. देवलांनीच १८९० मध्ये शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. हबीब तन्वीर यांनी १९५८ मध्ये दिल्लीत हेच ‘मृच्छकटिक’ ‘मिट्टी की गाडी’ या नावानं केलं, तेव्हा छत्तीसगडचे सहा लोककलावंत त्यात उभे केले. अभिजात नाटक खेड्यातल्या नटांच्या तोंडी शोभेल का, ही शंका तेव्हाच फिटली.

पण धोतराऐवजी पॅन्ट घातली की नाटक गावात आलं, असं होत नाही. नाटकातलं प्रत्येक नातं आपल्याकडं कोणत्या रूपात भेटतं, ते शोधावं लागतं. चारुदत्त हा दानधर्मात कंगाल झालेला सज्जन. आमच्या नाटकात तो मोंढ्यातला हळदीचा अडत्या झाला. लोकांची नड भागवता भागवता स्वतःच बसलेला. शकार हा राजाचा मेहुणा. मेहुण्याच्या जोरावर मिजास करणारा माणूस शोधायला आम्हाला फार लांब जावं लागलं नाही. वसंतसेना चुकून भलत्याच गाडीत बसते, तिथं आम्ही काळीपिवळी जीप आणली. जुगारात हरून बौद्ध भिक्षू झालेला संवाहक मात्र तसाच ठेवला. मराठवाड्यात भिक्षू कोण, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि चारुदत्ताच्या पोराची मातीची गाडी? पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या पोरांच्या गावात ती कशाला बदलायची!

काळाचा प्रश्न अवघड होता. नाटकाच्या शेवटी जुलमी राजा जातो आणि गवळ्याचा पोर आर्यक गादीवर येतो. कुणीतरी सुचवलं, निजामाचा काळ घ्या, शेवट १७ सप्टेंबर १९४८ ला करा. कल्पना आकर्षक होती. पण विचार केल्यावर लक्षात आलं, तसं केलं तर शकार आपोआप एका समाजाचा होतो. सत्तेच्या मस्तीवरचं नाटक मग एका धर्मावरचं नाटक होऊन बसतं. मी ती कल्पना सोडली. राजा कुठल्या काळचा, ते सांगितलंच नाही.

भाषेनं तर आम्हाला वाटच करून दिली. मूळ नाटकात सगळे संस्कृत बोलत नाहीत. नायक आणि न्यायाधीश संस्कृत बोलतात. विदूषक, जुगारी, शकार यांच्या तोंडी वेगवेगळ्या प्राकृत बोली आहेत. सूत्रधारसुद्धा आरंभी संस्कृतात बोलतो आणि कामापुरता प्राकृतात उतरतो. मग आमच्या जुगाऱ्यांनी दखनीत भांडायला आणि वसंतसेनेच्या दासीनं गोरमाटीत कुजबुजायला काय हरकत होती? चारुदत्ताचं काम करणारा मुलगा मुसलमान होता. त्याचं मराठी आमच्यात सगळ्यांत स्वच्छ, एवढंच त्याचं कारण.

इथवर मी स्वतःवर खूश होतो. घोडं अडलं ते दहाव्या अंकापाशी. खुनाच्या खोट्या आळापायी चारुदत्ताला वधस्तंभाकडं नेणारे दोन चांडाळ त्या अंकात आहेत. ती कामं मी फारसा विचार न करता एकाच वस्तीतल्या दोघा मुलांना दिली होती. दोघांचे आवाज चांगले होते. तालमीनंतर त्यातला एक थांबला. म्हणाला, “सर, हे काम आमच्याकडंच कसं आलं?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आवाजाचं कारण मी सांगितलं असतं, पण ते अर्धंच खरं होतं. मी त्याच्या हातात संहिता दिली आणि म्हटलं, सगळं वाच आणि तूच ठरव. त्या अंकात हे चांडाळ म्हणतात की, जन्म त्या कुळातला असला तरी चांडाळ आम्ही नव्हे; सज्जनांना छळतात, ते चांडाळ. दोघंही वध लांबवत राहतात, न जाणो सुटकेची काही वाट निघेल. त्याच नाटकात घर फोडणारा शर्विलक ब्राह्मण आहे आणि भिंतीचं माप घ्यायला तो जानवं वापरतो. जात आणि करणी यांची सांगड शूद्रकानं कितीतरी शतकांपूर्वीच सोडवून ठेवली होती. मी मात्र पात्रवाटपात ती पुन्हा बांधली होती.

दोन दिवसांनी तो आला. म्हणाला, “करतो मी. ते वाक्य मलाच म्हणायचंय. पण दुसरा चांडाळ पाटलाच्या घरातला घ्या.” त्याच्या जोडीदाराला न्यायाधीशाचं काम दिलं. दुसरा चांडाळ व्हायला खरोखरच एक पाटलाचा पोर तयार झाला. प्रयोगाला त्याच्या घरून कुणी आलं नाही. तो मात्र एकाही तालमीला चुकला नाही.

नाटक बसवणाऱ्या तरुण मित्रांना म्हणून एवढंच सांगतो. जागा बदला, बोली बदला, कुणालाही कुठलंही काम द्या. पण काम देण्याआधी संहिता सगळ्यांच्या हातात द्या आणि प्रत्येकाला विचारा, तुला काय करायचंय? मी ते उशिरा विचारलं, तेही एका मुलानं मला विचारल्यावर.