वरसईहून उत्तरेकडे

एप्रिल उजाडला की सानपाड्यातील व्यापारी घरांत अलीकडे एक नवा विषय निघतो. मुलाला गुरुग्रामला, मुलीला चंदीगडला किंवा लखनौला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळालेली असते. मशीद बंदरच्या पेढीवर उमेदवारी केलेल्या आजोबांना शब्द नवा वाटला, तरी रीत नवी वाटत नाही. दुसऱ्याच्या गादीशेजारी बसून मालाची आणि माणसाची पारख शिकायची, हे त्यांनीही केलेले असते. आजीचे प्रश्न मात्र निराळे असतात. तिकडे सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का? कंदमूळ टाळता येईल का? सोबतीला कोण आहे? पैसे कोठे ठेवणार?

असेच प्रश्न सानपाड्याहून पनवेलमार्गे सहज गाठता येणाऱ्या पेण तालुक्यातील वरसई या गावी, १८५७ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका घरात विचारले गेले होते. ते घर व्यापाऱ्याचे नव्हते, भिक्षुकाचे होते. परंतु तेथील अडचण कोणत्याही पेढीला समजेल अशी होती. घरावर कर्ज होते आणि गावात राहून ते फिटण्यासारखे नव्हते. तिशीच्या आसपासच्या विष्णुभट गोडसे यांच्या कानी आले, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार असून विद्वान ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार आहे. काका रामभट उत्तरेचे माहीतगार होते. त्यांच्या हाताखाली जावे, चार पैसे आणि चार गोष्टी मिळवून परत यावे, असे विष्णुभटांनी मनात आणले.

घरच्यांनी हरकत घेतली. देश दूरचा, तिकडे भांग पिण्याची चाल, स्त्रिया भुरळ घालणाऱ्या. तरुण मुलाचे पाऊल घसरले तर? विष्णुभटांनी वडीलधाऱ्यांना शब्द दिला, रामभटांनी धीर दिला, आणि काका-पुतणे पायी निघाले. घरच्यांच्या काळजीच्या यादीत बंडाचा उल्लेखही नव्हता, आणि तो असावा तरी कसा? आई-वडिलांची भीती बहुधा त्यांना ठाऊक असलेल्या धोक्यांपुरतीच असते.

नगर-धुळ्याच्या वाटेने ते माळव्यात उतरले. महूच्या अलीकडे मुक्कामावर भेटलेल्या शिपायांनी त्यांना काडतुसांची हकिकत सांगितली आणि लवकरच उठाव होणार असल्याचे सुचविले. माघारी फिरण्याची ती वेळ होती. पण मागे कर्ज होते, पुढे दक्षिणा होती. दोघे पुढे गेले. त्यानंतर धार, उज्जैन, ग्वाल्हेर असा प्रवास झाला. देश पेटलेला असताना यज्ञ कसला होतो? ज्या कामासाठी घर सोडले ते कामच नाहीसे झाले. उमेदवारीला गेलेल्या मुलाने पत्ता शोधत जावे आणि पेढीला कुलूप दिसावे, तशी ही गत होती.

तरीही ते दोघे उपाशी राहिले नाहीत, आणि या प्रवासातील ही बाजू व्यापारी वाचकाने विशेष पाहण्यासारखी आहे. शिंदे, होळकर, पवार यांच्या राज्यविस्तारामुळे इंदूर, धार, ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त, काशी अशा ठिकाणी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसली होती. नव्या मुलखात पाहुण्याला ओळखीचे दार मिळत असे. आपल्या धर्मशाळा आणि भोजनशाळा आज परगावी हेच काम करतात. रामभटांची खरी शिदोरी म्हणजे कोणत्या गावी कोणाचे दार ठोठवावे याची माहिती. कमरेचे पैसे वाटेत एकदा सोडून अनेकदा लुटले गेले. ही माहिती मात्र कोणाला लुटता आली नाही.

आता एखादा जुना सराफ विचारील, की रोकड बरोबर बाळगण्याऐवजी हुंडी का करू नये? शांततेच्या काळी तेच शहाणपण. परंतु हुंडी दोन पेढ्यांच्या विश्वासावर चालते आणि त्यासाठी दोन्ही पेठा उघड्या असाव्या लागतात. पेठच जळत असेल, तर दर्शनी हुंडी दाखवायची कोणाला?

झाशीत त्यांचा मुक्काम लांबला. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम, त्यांचा व्यायाम, घोडदौड आणि दरबार विष्णुभटांनी जवळून पाहिला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या सैन्याने शहराला वेढा घातला आणि एप्रिलच्या आरंभी झाशी पडली. पुढचे दिवस काका-पुतण्यांनी लपून, जीव मुठीत धरून काढले. त्या लुटीचे वर्णन वाचताना हिशेबी माणसाच्या अंगावर काटा येतो, कारण लुटीलाही एक क्रम होता. आधी सोने-चांदी गेली, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. एका पलटणीने टाकलेले दुसरीने उचलले. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचीही धूळधाण झाली. बाजाराची अशी उलटी खातेवही मराठीत क्वचितच कोणी लिहिली असेल.

पुढे काल्पीच्या बाजूला एका विहिरीपाशी राणींची आणि त्यांची पुन्हा गाठ पडली. पुरुषी वेषातील राणी घोड्यावरून आल्या होत्या आणि तहानेने व्याकुळ होत्या. विष्णुभट पाणी शेंदू लागले, तेव्हा त्यांनी थांबविले. विद्वान ब्राह्मणाला ते कष्ट द्यायला नकोत म्हणून स्वतःच पाणी काढले आणि ओंजळीने प्यायल्या. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळ त्या पडल्या.

जैन वाचकाला येथे बनारसीदासांची आठवण होणे साहजिक आहे. जौनपूरच्या या श्रीमाळ तरुणाला चोविशीच्या सुमारास वडिलांनी जडजवाहीर, तूप, तेल आणि कापड देऊन आग्र्यास व्यापार शिकायला धाडले. माल कमी भावाने गेला, नाडीत बांधलेली रत्ने हरवली, आणि एका कचोरीवाल्याच्या उधारीवर त्यांनी कित्येक महिने काढले. हे सारे त्यांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ या पद्यमय आत्मवृत्तात संकोच न करता लिहिले. तोटा लपवण्याची सवय असलेल्या आपल्या समाजात ही गोष्ट लहान नव्हे.

विष्णुभटांनी पुढे चित्रकूट, अयोध्या आणि काशी पाहिली. सुमारे अडीच वर्षांनी ते घरी परतले तेव्हा कर्ज फेडण्याजोगी मिळकत त्यांच्याजवळ नव्हती. होती ती गंगाजलाची कावड. इतक्या लुटीतून जे निभावले, ते कोणाला विकता येण्यासारखे नव्हते. त्या जलाने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातले.

हकिकत मात्र बराच काळ तोंडीच राहिली. इतिहासकार चिंतामण विनायक वैद्य यांनी आग्रह धरल्यावर १८८३ च्या सुमारास विष्णुभटांनी ती कागदावर उतरविली. बंड आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला सरकारचे भय होतेच. लेखन आपल्या मृत्यूनंतरच छापावे, असे ठरले. वैद्यांनी हात फिरवून १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ मध्ये निघाली. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणाऱ्याला विष्णुभटांची मूळची बोली, कोकणी भिक्षुकाची, जागोजागी ऐकू येते. पुस्तक लहान आहे. राजधानी एक्सप्रेसच्या एका रात्रीत वाचून होते.